तू पाजलेलं पाणी

आये, तू जाऊन इतकी वर्षं झाली की आता वयाने मीच तुझ्यापेक्षा मोठी आहे. परवा एका पाड्यावर बायकांना शिकवत होते आणि मागे भिंतीला टेकून तू बसलेली दिसलीस, पोटऱ्यांपर्यंत भाताच्या आवणीचा चिखल घेऊन. त्यात नवं काही नाही. पावसाळ्यात तू दिसतेसच, कारण साथ येण्याआधी पाड्यापाड्यावर जाऊन बायकांची तयारी करून घेणं हीच माझी नोकरी आहे. पाणी उकळा, हात धुवा, ढाळ-उलट्या लागल्या तर माणसाला पाणी पाजत राहा. नाशिक रोडला माझ्या घरी तू कधी येत नाहीस. सुरगाण्याचा घाट लागला की मात्र जीपमध्ये माझ्या शेजारची जागा भरल्यासारखी वाटते आणि मी उगाच सरकून बसते.

माझी फजिती पाहून तू हसली असतीस. माठात हात बुडू नये म्हणून आम्ही घरोघरी लांब दांड्याची ओगराळी वाटली. पुढच्या फेरीला जाऊन बघते तर ओगराळं देवाशेजारी खिळ्याला टांगलेलं, चकचकीत, आणि माठात जुनाच तांब्या, बोटांसकट. "येवढी चांगली वस्तू, पान्यात बुडवून कशाला खराब करायची?" एका म्हातारीने मलाच विचारलं. मी भडकले, आणि मग आठवलं की स्टीलचं एकुलतं एक ताट तूही असंच टांगून ठेवलं होतंस. त्यात आपण कधीच जेवलो नाही.

आपल्याकडे ढाळ लागलेल्याला पाणी देत नसत. पोटात पाणी गेलं की ढाळ वाढणार, अशी सगळ्यांची खात्री होती. ज्याच्यावर जीव, त्याच्यापासून तांब्या लांब ठेवायचा. तू गेलीस त्या वर्षी, मी लहान होते, आपण प्यायचं पाणी भरायचो त्या झिऱ्यात पावसाचं गढूळ पाणी शिरलं आणि आपण दोघी एकाच गोधडीवर आडव्या झालो. बाबा भगताला आणायला गेला. मी पाण्यासाठी रडतेय, तू दात आवळून भिंतीकडे तोंड करून पडली आहेस. मग तू सरपटत माठाशी जातेस, वाटी भरतेस आणि मला पाजतेस. मी पुन्हा रडते, तू पुन्हा पाजतेस. स्वतः थेंबही घेत नाहीस. बाबा परत आला तेव्हा मी झोपले होते आणि तू गार पडली होतीस.

पुढे नाशिकला प्रशिक्षणात डॉक्टर मॅडमनी सांगितलं, ढाळाने माणूस दगावतो तो अंगातलं पाणी संपून. बाकीच्या मुली लिहून घेत होत्या. मी बाहेर गेले, नळाखाली तोंड धरलं आणि हमसून हमसून रडले. मला तुझा राग आला होता. वाटी तुझ्याच हातात होती ना गं.

परवा बैठक संपल्यावर एकीने मला शेवटच्या घरात ओढत नेलं. एक तरणी सून पडलेली, डोळे खोल गेलेले, ओठ फुटलेले. सासू माठाला पाठ लावून बसलेली, कुणी हात घालू नये म्हणून. "पानी नको देऊ बाय, आखीन ढाळ लागंल. माझा एक पोरगा असाच गेला." मी चित्रांचा तक्ता काढला, तिने मान फिरवली. तिच्या डोळ्यांत दुष्टावा नव्हता, नुसती भीती होती. शेवटी मी तक्ता गुंडाळला.

"आजी, मी पन अशीच पडले होते. माझ्या आईनं पानी पाजलं, म्हणून मी हाय."

"तुझ्या आयला ठावं होतं?"

"हो. ठावं होतं."

म्हातारी सरकली. मी साखर-मीठ घालून पाणी केलं आणि चमच्याने पाजायला बसले. थोड्या वेळाने म्हातारीनेच माझ्या हातातून चमचा घेतला. दवाखान्याची गाडी येईपर्यंत सून डोळे उघडून आणखी पाणी मागायला लागली होती. "तुझी आय लय शहानी होती," म्हातारी म्हणाली. आता सून घरी आली आहे, बरी आहे.

मी हे सगळीकडेच सांगते, आये. बाया तक्त्याचं ऐकत नाहीत, तुझं ऐकतात. त्या पट्ट्यात तू आता शहाणी म्हणून माहीत आहेस. पण वाटी तोंडाला लावताना तू काय म्हणालीस ते मला आठवतं. "पी गं. मरशीलच, तर तहानेली नको मरू." तुला काहीच ठाऊक नव्हतं. माझी आशा तू सोडली होतीस, म्हणून मला पाणी मिळालं. तुला स्वतःला जगायचं होतं, म्हणून तू कोरडी राहिलीस.

तुला वाचता येत नव्हतं. हे तुला कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून मला ऐकवणार नाही. म्हणून कागद माझ्याजवळच राहू दे. सोमवारी पुन्हा घाट चढायचा आहे. कुणी विचारलं, तुझ्या आयला ठावं होतं का, तर मी हो म्हणणार आहे.