मागचा सोमवार सोडला तर

सोमवार, संध्याकाळ. धारूर.

आज दूध संस्थेत फॅट तपासताना नळी हातात लटलट हालली अन् दूध टेबलावर सांडलं. रांगेतल्या गयाबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "भाऊ, मागचा सोमवार सोडला तर दर सोमवारी तुमचा हात काहून थरथरतो?"

डोकंच फिरलं. म्हणालो, "दुष्काळ हाय मावशी. दूध निम्म्यावर आलंय. उद्या संस्थाच बंद पडली तर?"

धास्ती काही खोटी नाही. रविवारी उठल्यापासून छाती धडधडते, घाम फुटतो. ईसीजी चांगला आला. डॉक्टर म्हणाले, "शनिवारची दारू बंद करा." मी वैतागलो. अहो, या धास्तीवर आठवड्यातून तेवढाच एक उतारा, तोही सोडू?

पण मागचा सोमवार! त्याच्या आदल्या शनिवारी टँकर उशिरा आला, पाणी भरण्यात प्यायचं राहूनच गेलं. सोमवारी हात स्थिर होता. मी समजलो, घरात पाणी आलं म्हणून जीव शांत झाला. बायकोलाही तसंच सांगितलं.

परवा टँकर वेळेवर आला, म्हणून प्यायलाही बसलो. घरातलं पिंप अजून काठोकाठ भरलेलं आहे. अन् च्यायला, हे लिहिताना हात हालतोच आहे.