नळी घातलेल्या तेवीस गाड्या

मी खाली सही करणार, वय वर्षे शहात्तर पूर्ण, धंदा मोटारगाड्यांचा चेपलेला पत्रा सरळ करण्याचा, ज्याला गिऱ्हाइकं ठोकमामा म्हणतात आणि पत्नी 'अहो' म्हणते, तो हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. समोरच्या डॉक्टरांनी तशी खात्री करून घेतली; शंभरातून सात-सात वजा करत यायला सांगितलं. मी दोनपर्यंत आलो. ते स्वतः एकावन्नला अडखळले, पण तो विषय इथे नको. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दडपण आणायला लागणारी सवड घरात कोणाला नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही.

कलम १. राहतं घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढची ओसरी, पत्नीला. तिच्यानंतर मुलीला. मुलीने ते विकलं तरी माझा आत्मा आडवा येणार नाही. फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीला मी एका जुन्या गाडीच्या दाराची काच बसवली आहे, ती मूठ फिरवून खालीवर होते. नव्या मालकाला तेवढं सांगावं, नाहीतर तो मूठ उपटून काढेल. मुलगी लहान असताना त्या खिडकीशी स्टुलावर बसून तोंडाने 'पों पों' करत जगभर फिरून यायची. तेव्हा आम्ही तिघं त्या स्वयंपाकघरात मावत होतो, आता दोघांना ते मोठं होतं.

कलम २. बँकेत जे आहे ते पत्नीचं. किती आहे हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

कलम ३. माझ्या हातोड्या, लाकडी मोगऱ्या आणि पत्र्यामागे धरायचे लोखंडी ठोकळे पुतण्याला. त्यातली सगळ्यात झिजलेली मोगरी माझ्या उस्तादांची आहे, ती वापरू नये, नुसती ठेवावी. उस्तादांनी मला पहिले सहा महिने हातोडी दिलीच नाही. डोळे मिटून गाडीच्या अंगावरून डावा तळहात फिरवायला लावत. 'उजवा हात हातोडीने बहिरा होतो रे, डाव्याला विचार,' म्हणत. सकाळी आठला त्या पत्र्याच्या छपराखाली चार हातोड्या सुरू व्हायच्या. रस्त्यावरून येताना मी आवाजावरून ओळखायचो, आज कोण आलंय आणि कोणाचं घरी भांडण झालंय. तो आवाज मला अजून कधीकधी ऐकू येतो. कानाचे डॉक्टर म्हणतात तो आजार आहे. असू दे, मला तो बरा करायचा नाही.

कलम ४. माझा जुना भागीदार रंगारी. अकरा वर्षं एकत्र धंदा केला, निघताना माझा हवेचा पंप घेऊन गेला आणि बाजारात सांगत सुटला की ठोकमामाच्या कामावर बोटभर पुट्टी भरावी लागते. त्याला मी पुट्टीचा एक न उघडलेला डबा ठेवत आहे. माझ्या सगळ्या हयातीत मला तो लागला नाही. बाकी, रंग मात्र तो देवासारखा मारायचा, हे कबूल केलं पाहिजे.

कलम ५. गॅरेज. हे कलम लांबणार आहे, वाचणाऱ्याने पाणी पिऊन यावं.

गॅरेज, वेल्डिंगची सामग्री आणि दारावरची पाटी पुतण्याला मिळावी, पण एका अटीवर. अट कळायला मागचं सांगावं लागेल.

माझी पत्नी तेव्हा टायपिंगचे वर्ग चालवत असे. बाजारातल्या एका माडीवर नऊ यंत्रं होती. खालून जाताना वाटायचं वर गारा पडतायत. तिची बोटं अशी चालायची की बघणाऱ्याने कामधंदा विसरावा; मी विसरलो, म्हणून तर लग्न झालं. जायला-यायला तिला गाडी हवी होती. मी भंगारातून एक छोटी गाडी उचलली आणि सात महिने सुट्टीच्या दिवशी तिच्यावर काम केलं. ती शेजारी डबा घेऊन बसायची आणि मला वर्गातल्या गमती सांगायची. आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस कोणते, असं कोणी विचारलं तर मी ते सांगेन.

प्रत्येक गाडीत बॉनेटखाली, इंजिनाच्या दोन्ही बाजूंना, पत्र्याच्या दोन लांब पोकळ पेट्या असतात. बंपरमागून निघून त्या चालवणाऱ्याच्या पायांपुढच्या भिंतीपर्यंत जातात. समोरून धडक बसली की पहिला मार त्या खातात. मी त्या हाताने चाचपल्या. पत्रा पातळ, त्यात वरून मुद्दाम खाचा पाडलेल्या! मी म्हटलं, लोखंड वाचवलं लेकाच्यांनी. माझी बायको बसणार आहे या गाडीत. मी दोन्ही पेट्यांमध्ये पाण्याची दोन इंची जाड लोखंडी नळी घातली, दोन्ही टोकांना वेल्ड मारला आणि पेट्यांचे खांब करून टाकले. त्या दिवशी मी बॉनेटवर चढून नाचायचाच बाकी होतो.

दोन वर्षांनी, भर दुपारी, एका सायकलवाल्याला वाचवताना ती पुलाच्या दगडी कठड्यावर गेली. गाडीचा बंपर वाकला, एक दिवा फुटला. बस. किल्ली फिरवली तर पहिल्या फटक्यात सुरू. तिच्या मात्र उजव्या खांद्याचं हाड, मनगट आणि चार बरगड्या मोडल्या. पट्टा लावलेला होता म्हणून जीव राहिला. खांदा पुन्हा नीट बसला नाही. वर्षभरात वर्ग बंद झाला आणि माडी रिकामी केली.

आणि ती भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला काय सांगायची? 'गाडी बघा, जशीच्या तशी! यांनी नळी घातली नसती तर मी आज नसते.' माझी छाती फुगायची. लोकांनी रांग लावली. पुढच्या पाच वर्षांत आणखी बावीस गाड्यांना मी नळ्या घातल्या, हिची धरून तेवीस. नंबरासकट वहीत नोंद आहे.

मग एका कारखान्याने आम्हा पत्रेवाल्यांना दोन दिवस शिकायला बोलावलं. जेवण फुकट म्हणून गेलो. शिकवायला एक तरुण इंजिनिअर बाई होती. तिने पडद्यावर धडकेची फिल्म अगदी सावकाश लावली. गाडी भिंतीवर आली आणि तिचं नाक कागदी पंख्यासारखं घडी घडी करत मिटत गेलं, बरोबर त्या खाचांवर. मागची, माणसांची खोली तशीच्या तशी. आतला पुतळा पट्ट्यात पुढे झुकला आणि पुन्हा मागे टेकला. बाई म्हणाली, 'धडकेचा जोर कुठेतरी जिरायला हवा. पेट्या मिटता मिटता तो खातात. बळकटी द्यायचीच तर मिटणाऱ्या भागाच्या मागे द्या, माणसांच्या खोलीला द्या. दोन्ही पेट्यांना जोडणारी पुढची आडवी पट्टी भक्कम करा, म्हणजे एका कोपऱ्यावर बसलेला मार दोन्हीकडे वाटला जातो.'

मी हात वर केला. 'आणि पेटीत जाड नळी घातली तर?'

ती हसली. 'मग गाडी वाचेल की हो, काका!'

सगळे हसले. मीही हसलो. मग बाहेर जाऊन नळाखाली तोंड धरलं आणि रडलो. खांदा कठड्याने मोडला नव्हता, मी मोडला होता.

घरी येऊन सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, करता करता एकवीस वर्षं गेली. हिची गाडी पहिली कापली. मग एकेका गिऱ्हाइकाला बोलावून सांगू लागलो, नळीत पाणी साचतं, गंज धरतो, फुकट काढून देतो. पेट्या कंपनीच्या मापाच्या, खाचांसकट, नव्या बसवल्या. आडवी पट्टी आणि मागचा भाग मात्र बाईने सांगितल्याप्रमाणे असा बांधला की उस्तादांनीही पाठ थोपटली असती. एकोणीस झाल्या. एक भंगारात गेली. तीन उरल्या. एकीचा मालक गाव सोडून गेला, दुसरी विकली गेली आणि तिसरी गॅरेजपासून चार दारांवर, घड्याळवाल्यांची. त्यांच्याकडे तीनदा गेलो. म्हणाले, 'मामा, तुमच्या मंडळींचा जीव ज्या नळीने वाचवला, ती गंजाच्या भीतीने काढू? गंजू दे.' आता ती गाडी त्यांची सून चालवते, दोन पोरांना शाळेत सोडायला. रोज सकाळी सव्वासातला ती गाडी माझ्या दारावरून जाते आणि मी चहा खाली ठेवतो.

तर अट ही. या तीन गाड्या शोधून पुतण्याने नळ्या कापाव्यात, आणि कापताना खरं कारण सांगावं. मगच गॅरेज त्याचं. पुतण्या हाताचा सोन्यासारखा आहे, पण हल्ली गिऱ्हाइकाने मागितलं की गाडीपुढे लोखंडी जाड दांडे ठोकून देतो. 'काका, लोकांना आवडतं,' म्हणतो. लोकांना माझ्या नळ्याही आवडत होत्या.

कलम ६. पत्नीस. हे तू मी गेल्यावर वाच. तुझा हात मी घालवला आणि तुझ्या तोंडून माझं कौतुक ऐकत राहिलो. मला माफ कर.

पुरवणी.

इथवर लिहून कागद कपाटात ठेवणार होतो. पण 'मी गेल्यावर वाच' हे लिहिताना माझी मलाच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाटाणे सोलत बसली होती, तेव्हा पाचवं आणि सहावं कलम मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. ती शेवटची शेंग होईपर्यंत सोलत राहिली.

'संपलं?'

'संपलं.'

'गंज म्हणून सांगितलंत लोकांना?'

'हो.'

'आणि मी काय सांगत फिरले? माझ्या शब्दावर किती जणांनी नळ्या घालून घेतल्या, मोजलंत कधी? माझी सोडून बावीस! खांद्याचं मी बघून घेईन हो. कळत नव्हतं तेव्हा केलंत, प्रेमाने केलंत. पण कळल्यावरही एकवीस वर्षं मला खोटं बोलू दिलंत तुम्ही. मला!'

तिने वाटाण्यांचं भांडं असं आपटलं की अर्धे वाटाणे ओसरीत गेले. चार दिवस घरात फक्त भांडी बोलत होती. पाचव्या दिवशी तिने चपला घातल्या, वही मागितली आणि घड्याळवाल्यांकडे निघाली. मी मागोमाग.

'या वहिनी,' म्हणत घड्याळवाल्यांनी खुर्ची पुढे केली. तिने नळीचं नाव काढताच हसून म्हणाले, 'अहो, तुम्हीच तर सांगितलं होतंत.'

'म्हणूनच मी आले. भाऊ, ते घड्याळ बाजूला ठेवा आणि माझ्याकडे बघा.'

तिने उजवा हात वर न्यायला सुरुवात केली. तो कानापर्यंत गेला आणि थांबला. दुखून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी ती तो तसाच धरून उभी राहिली. 'याच्या वर जात नाही. सव्वीस वर्षं फळीवरचा डबा मला हे काढून देतात. गाडीला काही झालं नाही ना, म्हणून मला झालं. मी तुम्हाला उलटं सांगितलं होतं. तुमची सून आणि नातवंडं बसतात त्या गाडीत.'

घड्याळवाल्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. माझ्याकडे बघितलं नाही. आत हाक मारून सुनेकडून किल्ली मागून घेतली आणि हिच्या हातात दिली.

नळ्या पुतण्याने कापल्या, मी जवळ स्टुलावर बसून होतो. घड्याळवाल्यांच्या सुनेला खरं कारण त्याने स्वतः, माझ्यादेखत सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी गॅरेजसमोर ठेवलेले लोखंडी दांडे आत नेऊन टाकले. विकलेली गाडी एका बेकरीच्या मागे चाकांशिवाय सापडली, आत कोंबड्या राहतात. त्यांना धोका नाही. उरली एक. गाव सोडून गेलेल्या मालकाचा पत्ता हिने आठ दिवसांत काढला. गाडी अजून चालते आहे.

त्यामुळे कलम ५ च्या अटीत 'तीन'च्या जागी 'एक' वाचावं. कलम ६ पत्नीच्या सांगण्यावरून पूर्ण रद्द. ती म्हणाली, 'मेल्यावर माफी मागणाऱ्याला मी उत्तर कुठे देऊ?' मी म्हटलं, मग आत्ता मागतो, आणि मागितली. ती म्हणाली, 'एक गाडी राहिली आहे.'

म्हणून शेवटची इच्छा: त्या गाडीच्या नळ्या कापल्या जाईपर्यंत हे मृत्युपत्र अमलात येण्याची वेळ येऊ नये. हे कायद्यात बसतं का, ते वकिलाला विचारलेलं नाही.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, तो मला मान्य आहे.

सही: (ठोकमामा)
स्थळ: राहत्या घराची ओसरी
तारीख: अकरा फेब्रुवारी, सकाळी साडेसात

साक्षीदार १: घड्याळवाले, चार दारं सोडून. सही माझ्यासमोर झाली. वहीतली शेवटची गाडी माझ्या मेहुण्याच्या गावी आहे, त्याला निरोप धाडला आहे.

साक्षीदार २: समोरचे डॉक्टर. मृत्युपत्र करणारे पूर्ण शुद्धीवर असल्याचं मी प्रमाणित करतो. दोन दिवस विश्रांती घ्या, असं मी त्यांना सांगितलं होतं. सहीची शाई वाळायच्या आत ते गाडीकडे गेले. पत्नी तिथे अर्ध्या तासापासून पट्टा लावून बसल्या होत्या.