ओढ्याची वीज

कोल्हापूर,
२८ ऑगस्ट १९७८

चि. कृष्णात,
अक्काचा तुझ्या डोक्यावर हात आहे असं समज.

तुझं पत्र मिळालं. आपल्या गावाकडं, गगनबावड्याच्या बाजूला, पाऊस अजून कोसळतोय म्हणे. मी इथं दवाखान्यात तुझ्या दाजींच्या उशाशी बसून लिहितेय. त्यांचा ताप उतरलाय, थोडी पेज घेतात. माई मावशीकडं राहायला गेलीय. तात्यांची तब्येत बरी आहे, जेवण वेळच्या वेळी मिळतं.

तारेत मी 'मशीनवर अपघात' एवढंच लिहिलं होतं. अपघात कसा झाला आणि तात्या पत्राला उत्तर का देत नाहीत, असं तू विचारलंस. सांगते.

गावानं वर्गणी काढून ओढ्यावर वीज करायचं मशीन बसवलं, तेव्हा तात्या हसले होते. "पावसात मोटार कुणाला पायजे? आन उन्हाळ्यात तुमच्या ओढ्यात बेडूक तरी ऱ्हातोय का?" खोटं नव्हतं ते. पावसाळ्यात वीज वाया जायची आणि ऊस सुकायला लागला की चाक थांबायचं. मग सगळे पुन्हा तात्यांच्या नदीवरच्या डिझेल इंजिनांच्या दारात. पाण्याच्या बदल्यात ते म्हणतील तेवढा उसाचा वाटा.

तू वीज मंडळाच्या कचेरीत बसून ती योजना मांडलीस. पावसाळ्यात मंडळानं आमची वीज आपल्या तारेत घ्यायची, तेवढं कोयनेचं पाणी धरणात शिल्लक राहील. उन्हाळ्यात त्याच हिशेबानं वीज आम्हाला परत. मी देवळात ती वाचून दाखवली तर म्हातारी माणसं म्हणाली, "पोरी, परत एकदा वाच की." तात्यांना मात्र पहिल्याच खेपेला कळली. बारा महिने मोटारी चालल्या की इंजिनं भंगारात जाणार. भर चावडीसमोर ते ओरडले, "माझ्याच पोरानं माझ्या गळ्यावर पाय दिला!" हे तुला आम्ही कुणीच कळवलं नाही.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी मंडळाची माणसं तार जोडायला येणार होती. सकाळपासून मशीन चालू होतं. दाजीही तिथंच मदतीला होते, मी त्यांचा डबा घेऊन गेले होते. मंडळाच्या जीपआधी तात्यांचा ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत बाहेरगावची माणसं, कोयते आणि काठ्या घेऊन. तात्यांच्या हातात छत्री आहे असं मला लांबून वाटलं. ती पहार होती.

मशीन चालवायला केरबा असायचा, तुझ्या वर्गातला. तो दारात आडवा उभा राहिला.

"तात्या, पट्टा फिरतोय. आत येऊ नगासा, कुणाचा तरी जीव जाईल."

"हो बाजूला."

"न्हाय व्हायचो."

एकानं त्याच्या खांद्यात कोयता घातला. सदरा लाल झाला, तरी त्यानं चौकट सोडली नाही. दाजी धावले, तर दोघांनी उचलून त्यांना मागं फेकलं. ते फिरत्या पट्ट्यावर पडले आणि उजवा हात आत ओढला गेला. हाडं मोडल्याचा आवाज मशीनच्या घरघरीतूनही आला. मी समोरच्याच्या तोंडावर पितळी डबा हाणला, त्याचं नाक फुटलं. त्यानं माझे केस धरून मला भिंतीवर आपटलं. तेवढ्यात केरबाच्या डोक्यात पहार बसली. तो खाली बसला. डोळे उघडेच होते.

मग काही जण चाक फोडायला लागले, काहींनी विजेचा तक्ता फोडला. तिथं जाळ उडाला आणि त्यांच्यातलाच एक जण भाजून किंचाळत ओढ्यात पडला. तेव्हा बाकीचे पळाले. केरबा दवाखान्याच्या वाटेवर, मंडळाच्या जीपमध्येच गेला, माझ्या मांडीवर. दाजींचा हात कोपरापासून काढावा लागला.

'पहार बसली' असं मी वर लिहिलंय. पहार आपोआप बसत नाही, कृष्णात. तात्यांनी मारली. तो खाली बसल्यावर पुन्हा मारली. मी हाताच्या अंतरावर होते.

सगळं गाव म्हणालं, मारणारे बाहेरचे होते, पळाले. माईनं माझे पाय धरले. "अंजना, तू काय बघितलं न्हाईस. तुझा बाप हाय त्यो." मी तिला उठवलं आणि फौजदारांना तात्यांचं नाव सांगितलं. तात्या कळंब्याच्या तुरुंगात आहेत. जेवण वेळच्या वेळी मिळतं ते तिथं. त्या दिवसापासून माई माझ्याशी बोलत नाही.

आता मंडळाचे साहेब म्हणतात, भागात दंगा आहे, करार पुढं ढकलू. तूही लिहिलंस की सध्या योजना मागं घेतोस, म्हणजे तात्यांचा काही रुसवा असेल तर तो तरी मिटेल. केरबाच्या बायकोला, तानाबाईला, मी हे सांगितलं. ती बांगड्या फुटलेल्या हातांनी जळका तक्ता पुसत होती. "मागं घ्या म्हणावं," ती म्हणाली, "आन माझा नवरा बी परत द्या."

फुटलेल्या चाकाच्या जागी इथल्या उद्यमनगरातल्या कारखान्यात नवं ओतून घेतलं. गावानं ते चिखलातून ओढत नेलं. ज्यांनी तोंड उघडलं नाही तेही दोराला होते. परवा मशीन फिरलं. वीज आहे, पण ती घ्यायला तार नाही. ती तुझ्या कचेरीत अडकलीय.

तेव्हा करार मागं घेऊ नकोस, तडीस ने. तात्यांसाठी वकील दे, चांगला दे, मी तुला कधी बोल लावणार नाही. मलाही ते रोज आठवतात, आणि त्या आठवणीत ते मला खांद्यावर घेऊन जोतिबाचा डोंगर चढत असतात. कोर्टात मला त्यांच्याकडं बघूनच बोलायचंय. त्या दिवशी ये. माईच्या शेजारी बस. फक्त मला गप्प राहायला सांगू नकोस.

तुझी अक्का,
तात्यांची लेक,
अंजना