अण्णांचा भुईआवळीचा रस

प्रिय अण्णा,

तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली. एवढ्या दिवसांत कधी लिहायचा धीर झाला नाही. गौरींसाठी राहात्याहून माहेरी आलेय आणि ऊन उतरलं की भास्कर कपाशीवर फवारायला जाणार आहे. वहिनीनं त्याच्यासाठी भुईआवळीचा रस काढून ठेवलाय. म्हणून आज लिहिते.

गेल्या साली दुष्काळात कपाशीच नव्हती. विषाचे डबे माळ्यावर पडून होते, मी बिनघोर होते. यंदा पाऊस झाला, कपाशी आली, अळी आली. भुईआवळीही बांधाबांधाला लई माजलीय.

तुमचाच ना हा शोध? फवारलेल्या बांधावरचं गवत खाऊन गावातल्या शेळ्या तडफडून मरायच्या. तुम्ही म्हणालात, जी कावीळ उतरवते ती विषही उतरवील. आपल्या सहा शेळ्यांना बांबूच्या नळ्यानं रस पाजलात आणि मला म्हणालात, "सुमे, ने यान्ला बांधावर. काय हुतंय बघू." त्यात चंद्री गाभण होती. तिची तरी दया यायला हवी होती, अण्णा.

त्याच बांधावर त्या दिवशी कोंडीमामांच्या दोन शेळ्या तोंडाला फेस येऊन गेल्या. आपल्या सहाही दिवेलागणीला चालत घरी आल्या. तुम्ही पारावर जाऊन सांगितलंत, "माझ्या रसाचा गुन हाय ह्यो." दुसऱ्या दिवसापासून लोक दारात.

अण्णा, मी त्यांना बांधावर नेलंच नव्हतं. ओढ्यापलीकडे बाभळीखाली दिवसभर शेंगा चारल्या. चंद्रीसाठी माझा जीव तुटत होता.

सांगणार होते. उद्या सांगू, परवा सांगू करत राहिले. तोवर तुम्हीच पेलाभर रस पिऊन फवारायला लागलात. तोंडाचं फडकं सोडलंत. उघड्या हातानं विष ढवळायचात. आई ओरडली तर म्हणालात, "शेळ्यान्ला न्हाई झालं काय, मला काय हुतंय?" मी तिथेच चुलीपुढे भाकरी थापत राहिले. तिसऱ्या फवारणीला तुम्ही सरीतच कोसळलात. बैलगाडी शेवगावच्या दवाखान्यापर्यंत पोचलीच नाही.

आणि गाव काय म्हणतं ठाऊक आहे? अण्णांनी त्या दिवशी रस कमी घेतला! म्हणून भास्कर दोन पेले घेणार आहे. मघाशी म्हटलं, "फडकं तरी बांध की रं." तर हसला. "अक्का, रस पिल्यावर फडकं कशाला?" अगदी तुमच्यासारखा हसला.

भुईआवळी काविळीला चांगली असेलही. पण विषापुढे तिची परीक्षा कधी झालीच नाही. हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

तो विचारील, "मंग तवा का न्हाई बोललीस?" काय सांगू त्याला? त्या दिवशी शेळ्या दावणीला बांधताना तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "शाबास पोरी" म्हणालात. जन्मात पहिल्यांदा. ते खोटं ठरवायला माझी जीभ उचलेना, अण्णा.

भास्कर पंप भरायला उठलाय. मी जातेय. त्याच्यासमोर, आईसमोर सगळं सांगेन. मग माझं माहेर तुटलं तरी चालेल, तो आज शेतात जाणार नाही.

तुमची,
सुमन