ज्याच्या नावाचं परमिट

प्रिय वीरेंद्र,

चक्क पत्र लिहायला बसले, हे बघून हसशील. पण फोनवर तू ‘नंतर बोलतो’ म्हणतोस आणि तुझं ते नंतर दिवाळीपासून उगवलेलं नाही. देवरीत माझं बरं चाललंय. वीज कंपनीतल्या नव्या इंजिनीअरचा फोन दिवसभर वाजतो, पण नूतन कशी आहे हे विचारायला कुणी करत नाही, लाईट कधी येणार म्हणून करतात. संध्याकाळी खोलीवर येते, एकटीपुरता भात टाकते आणि रायपूरकडे जाणाऱ्या बसचे आवाज ऐकत बसते. फार एकटं वाटतं रे.

परवाचं सांगते. टिकारामभाऊ आमचा लाईनमन. खांबावर चढण्याआधी तो उपकेंद्रात परमिट घेतो, की त्याच्या नावानं लाईन बंद. ज्यानं घेतलं त्यानंच येऊन परत करायचं, मगच लाईन चालू. परवा भर दुपारी तो जंगलातल्या लाईनवर गेला. तिकडे मोबाईल लागत नाही. काही वेळानं त्याचा जोडीदार संजू गाडीवर आला आणि म्हणाला, काम झालं, भाऊ उतरला, करा चालू. मी नाही म्हटलं. उन्हाळी धानाचे पंप बंद पडलेले, त्यामुळे फोनवर शिव्यांची लाखोली. एका काकांनी तर विचारलं, “पोरी, धान सुकून राहिला अन् तू कायले बसून राहिली?” रडू येत होतं, तरी बसून राहिले. शेवटी टिकारामभाऊ आला. संजू निघाल्यावर त्याला एक तार ढिली दिसली होती आणि तो पुन्हा वर चढला होता. त्यानं सही केली, माठातलं पाणी प्याला आणि म्हणाला, “बरं झालं मॅडम, तुमी संजूचं नाही आयकलं.”

काल तुझ्या मावसबहिणीचा, रिंकीचा, आमगावहून फोन आला. म्हणे तुझं लग्न जुळलं, मुलगी बालाघाटची. तुझी वहिनीही तेच म्हणाली. मी ऐकून घेतलं, मानलं नाही. गोंदिया स्टेशनवर तू म्हणाला होतास, बाबांशी बोलतो, तोवर थांब. मी थांबले, आलेली स्थळं परत पाठवली. हे थांबणं तुझ्या नावावर आहे, ते रिंकीच्या सांगण्यावरून सुटायचं नाही. नाही म्हणायचं असेल, तरी ये आणि समोर बसून म्हण. मी भांडणार नाही, माठातलं पाणी देईन. फक्त तू स्वतः ये.

अजून तरी तुझीच,
नूतन