अंगठ्याच्या वरची जागा

बोईसर, मंगळवार, १४ मार्च १९६७

आज मी घेते त्या कामगार कायद्याच्या वर्गाच्या हजेरीसाठी मुकादमाने कोरे कागद आणले, म्हणून हे लिहून ठेवते. प्रत्येक बाईला एक कागद. हजेरीला एक यादी पुरत नाही?

सकाळी कारखान्यातल्या मुकादमांना शिकवले की गरोदर बाईला कामावरून काढता येत नाही, बाळंतपणाची रजा द्यावीच लागते. तेव्हा हाच विचारत होता, "आन् तिनं आपणहून काम सोडलं तर?" प्रश्न साधा वाटला. आता वाटत नाही.

दुपारी तिथल्याच कामगार बायकांच्या वर्गात मासवणच्या जानीने कोऱ्या कागदाच्या अगदी तळाशी अंगठा उठवला. तिला सातवा महिना आहे.

"वर का नाही?" मी विचारले.

"वर सायब लिवतात ना, बाई. आमी खालीच देतो."

काय लिहितात, ते तिला ठाऊक नव्हते.

"हजेरीच हाय," मुकादम हसला. "तुमी लई शंका घेता, बाई."

घेते. राजीनाम्याला तेवढी कोरी जागा पुरते.

सगळे कागद मी मागून घेतले.

दिले: बायकांना जिचा तिचा कागद, एकूण अकरा. मुकादमाला माझ्या अक्षरातली एकच यादी, नावासमोर अंगठा, आणि शेवटच्या नावाखाली आडवी रेघ.