ए म्हणजे आपण

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ७.
ट्रॅक्टरचालक बंधूंनो! तुमच्या मागे जोडलेलं अवजार आता तुम्हालाच हुकूम सोडणार आहे! जो ओढला जातो, त्याने ओढणाऱ्याला शिकवायचं? (इथे थांबणे. टाळ्या.)

सुरुवात उत्तम जमली. संध्याकाळी वाघोलीत सभा. चालक संघटनेच्या अध्यक्षाने याहून मवाळ बोलणं पाप आहे. तिथल्या अवजार केंद्राने उसाच्या पाचटाचे गठ्ठे बांधणाऱ्या बेलरवर एक डबी बसवली आहे. पाचट दाट आलं की बेलर ट्रॅक्टरला सांगतो, हळू. विरळ झालं की, चल. वेग, इंजिनाची ताकद, सगळं आपोआप. चालकाने नुसतं स्टिअरिंग धरायचं.

यंत्र आणि माणूस या विषयावर माझी अकरा पुस्तकं वाचून झाली आहेत. द्वारका चहा देताना म्हणाली, सदाशिव पेठेत बसून ट्रॅक्टर चालत असते तर आपल्या पार्किंगमध्ये चार उभे असते. पत्नीशी वाद म्हणजे ऊर्जेचा अपव्यय.

मंगळवार, ४ फेब्रुवारी.
सभा गाजली. जरा जास्तच. केंद्र चालवणाऱ्या विजयमालाताई पहिल्या रांगेत होत्या. शांतपणे म्हणाल्या, तात्याराव, रविवारी स्पर्धाच लावू. अर्धं शेत डबीने, अर्धं हाताने, प्रत्येकी एक तास. हात जिंकला तर डबी परत. डबी जिंकली तर आमचा चालक दत्तोबा एक तारखेपासून घरी.

दत्तोबा सव्वीस वर्षं ट्रॅक्टरवर. वय चोपन्न. दुसरीकडे कोण घेणार?

हाताने तोच चालवणार होता. पण ओघात मी गरजलो, हाताने मी स्वतः चालवीन! काय टाळ्या पडल्या! डबीची बाजू आता दत्तोबाकडे. दत्तोबाने वाजवल्या नाहीत. भारावला असावा.
मी शेवटचा ट्रॅक्टरवर बसलो त्याला चौदा वर्षं झाली. हात विसरत नसतो.

बुधवार, ५ फेब्रुवारी.
डबीचं ट्रेनिंग. शिकवायला नम्रता नावाची इंजिनिअर, जेमतेम पंचवीसची. म्हणाली, सर, सेन्सर लोड रीड करतो आणि ट्रॅक्टरला रिक्वेस्ट पाठवतो. मी विचारलं, रिक्वेस्ट की हुकूम? ती म्हणाली, सर, आधी स्विच समजून घ्या ना, प्लीज. दहाव्या मिनिटाला सभात्याग केला. तत्त्वाचा प्रश्न होता.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी. दुपारी ३.
सराव. भयंकर. एका सरीत तीनदा पाचट अडकलं, दोनदा इंजिन बंद. दत्तोबा दर वेळी खाली उतरून मुकाट्याने पाचट उपसत होता. परवा स्पर्धा.

मग डबीवरच्या स्विचकडे लक्ष गेलं. दोन इंग्रजी अक्षरं, एम आणि ए. स्विच एमवर! एम म्हणजे मशीन. म्हणजे अडकवत होती ती डबी, मी नव्हे! आणि ए म्हणजे अर्थातच आपण. आदरार्थी. कंपनी निदान सभ्य आहे.
दत्तोबा चहाला गेला तेव्हा स्विच एवर टाकला. काय चाललाय ट्रॅक्टर! दाट पाचट दिसायचा अवकाश, लिव्हरला हात लावायच्या आत वेग उतरतो. याला म्हणतात अंगात मुरलेली विद्या.

रविवार, ९ फेब्रुवारी. सकाळी ६.
पोहे उतरेनात. द्वारका म्हणाली, अहो, आधी दत्तोबाच्या पोटाचं बघा.
दत्तोबाला फोन करून बजावलं, तुझी पाळी पहिली, स्विच एमवर ठेव. तो म्हणाला, साहेब, नक्की एम? म्हटलं, एमच! डबीशीसुद्धा बेइमानी नको. त्याचा आवाज भरून आला. साधा माणूस.

रविवार. दुपारी १.
दत्तोबाचे तासात एकसष्ट गठ्ठे. एकदाच अडकलं. मला घाम. माझी शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा मी सत्तावन्नवर, आणि समोर ओलं, दाट पाचट. पलीकडच्या टॉवरच्या बाल्कन्यांतून लोक वाकून बघत होते. ट्रॅक्टर स्वतःहून दबकला, पुन्हा सावरला. अठ्ठावन्न. साठ. एकसष्ट. शिट्टी वाजता वाजता बासष्टावा बाहेर पडला!
ट्रॉलीवर चढून चाळीस मिनिटं बोललो. माणूस जिंकला!

सोमवार, १० फेब्रुवारी. सकाळी ११.
नम्रताचा फोन. सर, रिपोर्टमध्ये तुमचा पूर्ण तास ऑटोवर दिसतोय. म्हटलं, अशक्य, मी एवर होतो. मग ती म्हणाली, सर, ए म्हणजे ऑटो. एम म्हणजे मॅन्युअल.

इंग्रजी अक्षरांचा तीव्र निषेध.

म्हणजे हाताने दत्तोबाने चालवलं. एका गठ्ठ्याने हरला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी.
केंद्रावर गेलो. विजयमालाताई हसल्या नाहीत, तेच वाईट. म्हणाल्या, चौदा वर्षांनी आपण बसलात आणि काही अडकलं नाही, मग मला चालक कशाला हवा? नम्रता मध्ये बोलली, मॅडम, सेन्सर बंद पडला तर मॅन्युअलच करावं लागेल. ताई म्हणाल्या, तेवढं कोणीही करील.
कोणीही! मला शुक्रवार आठवला.

बाहेर दत्तोबाला झापलं, तुला अक्षरं ठाऊक होती, तर बोलला का नाहीस? म्हणाला, तुम्ही बोलत व्हता साहेब, मधी जागाच न्हवती. आन मला वाटलं, हाताची बाजू तुम्ही माझ्यावर सोपवली. लई बरं वाटलं व्हतं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी. सकाळी ७.
‘कोणीही करील’ हे खोटं, याचा पुरावा आहे. दुर्दैवाने तो पुरावा मी आहे. ताईंना सांगितलं, शनिवारी मी एमवर चालवतो, तुम्ही बघा. म्हणाल्या, दहा मिनिटं देते. फरक दिसला तर दत्तोबा राहील.

दत्तोबाला योजना समजावली: निदान पाच वेळा मुद्दाम अडकवायचं. तो म्हणाला, साहेब, मुद्दाम काय करू नका. नुसतं चालवा.

भाषण तयार. आजवरचं सर्वांत लहान.
ट्रॅक्टरचालक बंधूंनो! तुमच्या अध्यक्षाला ट्रॅक्टर चालवता येत नाही. (इथे थांबणे. टाळ्या नकोत.) शनिवारी सकाळी नऊ वाजता वाघोलीच्या केंद्रावर या, आणि हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा.